ट्रक जाईपर्यंत

"मालकाचं भेव घेऊन जा गे मारबत!"

माझ्या कानाशीच कुणीतरी ओरडलं. मी वळून पाहिलं. उंच, सावळा, खांद्यावर दुपट्टा. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारीची गल्ली, गावाबाहेर जाळायला निघालेला मारबतीचा पुतळा माणसांच्या डोक्यांवरून डुलत चाललेला, आणि जो तो आपली पीडा तिच्या अंगावर टाकून मोकळा होत होता... खोकला, महागाई, ढेकूण.

"तुमच्याजवळ काही नाही काय द्यायले?" त्यानं विचारलं.

"आहे ना."

"मग ओरडा. मनातलं तिले ऐकू येत नाही."

मी ओरडले. "ट्रकचं भेव घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूचे हसले. तो हसला नाही. त्याचं ते न हसणं मी सोबत घरी आणलं.

सकाळ. वाडी. आमची खोली अमरावती रोडच्या अलीकडे, हिंगण्याच्या कारखान्याची बस थांबते पलीकडे. मधल्या डांबरावर माझा भाऊ शालिक

ट्रक.

माझा भाऊ शालिक सायकलसकट

ट्रक.

गेला. त्यानंतर शेजारची वच्छलामावशी मला हात धरून पलीकडे न्यायची. ती काम सोडून गावी गेली आणि मी अलीकडेच उभी राहू लागले. बस निघून जायची. आणखी एकदा चुकली तर येऊच नको, असं सुपरवायझर म्हणाले होते. घरात बाबा आणि मी, पगार माझा एकटीचा.

पण आज भीती नव्हती. काल मारबत ती घेऊन गेली होती, जळूनही गेली असेल तिच्याबरोबर. मी लहानपणापासून हे मानत आले होते. म्हणून इकडेतिकडे न बघता सरळ चालू लागले.

मध्यावर पाय थांबले. हॉर्न वाजत होता आणि पाय माझे नव्हतेच. मग एक दुपट्टा हवेत फडफडला, ब्रेक किंचाळले, कुणीतरी दंड धरून मला पलीकडे ओढलं.

तोच. त्याची एक चप्पल रस्त्यातच राहिली होती.

"काहून पाह्यलं नाही?"

"मारबतीनं नेलं ना... भेव."

त्यानं माझा दंड सोडला. मग हळूच म्हणाला, "मीच ओरडायले लावलं तुम्हाले."

त्याचं नाव गिरिधर. समोरच्या गोदामात माल उतरवण्यावर देखरेख करायचा.

"तुम्ही रोज तिथं उभ्या राहता. मी पाहतो."

"मला पाहता?"

"ट्रक पाहतो. मधात तुम्ही येता."

संध्याकाळी त्यानं मला गोदामासमोर उभ्या असलेल्या ट्रकपाशी नेलं.

"लावा हात."

चाक कोमट होतं. दमून बसलेल्या बैलासारखं. मी हात लावला आणि रडले. तो पाठ करून उभा राहिला, रडणं संपेपर्यंत.

मग खिशातून लवंग काढली. "पहिल्यांदा पोत्यांच्या थप्पीवर चढलो तं माझे पाय असेच मेले होते. रामाजी हमालानं दिली होती मले. दाताखाली धरा. तिखट लागलं का जीव ठिकाणावर येते. आणि ट्रक जाईपर्यंत श्वास सोडत राहा. घेऊ नका, सोडा."

"मग भेव जाते?"

"नाही जात. मले अजूनही येते. येऊ द्यायचं."

रोज सकाळी तो माझ्याबरोबर रस्ता ओलांडू लागला. आधी मी त्याची बाही धरायची. मग दुपट्ट्याचं टोक. मग फक्त

ट्रक.

त्याच्या चपलांचा आवाज.

"तोंडात लवंग आहे काय?"

"आहे."

"मग बोलू नका. बोललं का दुसरीकडे ध्यान जाते."

"कुणाचं?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. कान मात्र लाल झाले.

आणि एक दिवस तो अलीकडेच थांबला. "आज तुम्ही एकट्या."

लवंग. श्वास. शालिकची जागा आली. मी थांबून नाही, पण पाहिली. साधं डांबर. कुणाच्या तरी पोत्यातून सांडलेली तूर. मी पलीकडे पोचले.

वळून पाहिलं तर तो हसत नव्हता. तोंड उतरलेलं, हात लोंबलेले, नजर माझ्या पायांवर... हा चेहरा मला पाठ होता. मी तो रोज आरशात पाहिला होता.

वळणावर बस दिसली. मी दोन्हीकडे पाहिलं आणि परत निघाले.

"काय झालं? बस येऊन राह्यली!"

"घाबरलात तुम्ही."

"मी? कायले?"

पदराच्या गाठीतली लवंग सोडून मी त्याच्या तळहातावर ठेवली. "धरा दाताखाली. श्वास सोडा. मग बोला."

त्यानं लवंग चावली, डोळे मिटले, लोखंडानं भरलेला ट्रक आमच्या शेजारून जमीन हलवत गेला आणि तो गेला तरी गिरिधरचा श्वास संपला नव्हता आणि त्याच श्वासात तो म्हणाला, "आता तुले माझी गरज नाही, तरी मी रोज इथं येऊन उभा राहू काय वं?"

"इथं नको," मी म्हणाले. "घरी ये गा. बाबाले भेट."

बसचा हॉर्न वाजला. मी पुन्हा रस्त्यावर उतरले. भीती होती. नेहमीसारखीच. ती माझ्याबरोबर पलीकडे आली, बसच्या पायऱ्या चढली.

खिडकीतून पाहिलं. तो तिथंच उभा, डोळ्यांत पाणी.

"काहून वं, कोण रडून राह्यलं ते?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"लवंग तिखट असते," मी म्हणाले.