कोरी बाटली

काचेच्या बशीवर ठिपके उगवले होते. पिवळट, टाचणीच्या डोक्याएवढे, दाटीवाटीने.

नवीच्या पाचावर धारण बसली; ऑफिसात तिला सगळे नवीच म्हणत. ही कोऱ्या बाटलीची बशी होती. कोरी म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं, क्षारही नसलेलं निर्जंतुक पाणी. इतर बाटल्यांसोबत तेही तपासायचं, हात आणि भांडी स्वच्छ आहेत याची खात्री म्हणून. त्यात जंतूंचा एकही ठिपका उगवायला नको. सलग तिसऱ्या आठवड्यात उगवलं होतं, आणि पाणीतपासणीच्या या ऑफिसात लागून तिला तेवढेच आठवडे झाले होते.

"परत?" मागून आवाज आला. कोरी बाटली तयार करणाऱ्या ताई, इथल्या सगळ्यात जुन्या तपासनीस. "कोरी बिघडली की अख्खी खेप बाद. तुझ्या आधीचा मुलगाही असाच गेला. त्याचेही हात स्वच्छ नव्हते म्हणे."

"मी हातमोजे घातले होते, ताई."

"मोजे घालून नाक खाजवलं असशील."

साहेबांनी मात्र केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं. "घाबरू नकोस, बाळ. नवशिक्याचा हात चुकतोच. पण पुढचीही खेप बाद झाली तर माझा नाइलाज आहे. शेरा मारून तुला सोडावं लागेल."

हात अस्वच्छ असल्याचा शेरा. मग कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती. घरी आईने विचारलं, "रुळलीस का गं?" ती "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला बजावलं: आधी बघ, मग रड.

बाटल्यांवर गावाचं किंवा टाकीचं नाव नसतं. तपासणाऱ्याचं मन आधीच कलू नये म्हणून साहेब त्यांवर फक्त नंबर चिकटवतात. मग खेप रात्रभर थंड कपाटात राहते. सकाळी ती एकेका बाटलीची फॉइल काढून बशा लावते. तिला आठवलं, या खेपेत फॉइल काढताना एका बाटलीतलं पाणी भरण्याच्या रेघेपेक्षा बोटभर खाली होतं. तिची फॉइलही चुरगळलेली होती, आधी एकदा काढून परत दाबल्यासारखी. तिने त्या बाटलीची बशी शोधली.

तेच पिवळट ठिपके.

कोणीतरी त्या बाटलीतलं पाणी कोऱ्या बाटलीत ओतलं होतं. मुद्दाम.

हात घाणेरडे निघाले असते तर परवडलं असतं. कपाटाच्या किल्ल्या तीनच: साहेबांची, ताईंची, तिची. त्यानंतर ती रोज दाराबाहेर थांबायची, कान लावायची, आणि आत कोणी नाही याची खात्री झाली तरी पाठ भिंतीलाच टेकून बसायची.

बाटल्या भरून आणणारे ड्रायव्हरकाका अंगणात गाडी धूत होते.

"काका, सगळ्या बाटल्या रेघेपर्यंत भरता ना?"

"रेघ म्हणजे रेघ. मला काय नवीन समजलीस?"

"सगळ्यात वाईट पाणी कुठल्या टाकीचं?"

"टेकडीवरच्या. झाकण फुटलंय, आत पाखरं मरून पडतात. सांगितलं की ऑफिसात. म्हणे, तपासणीत दिसेलच."

"दिसलं?"

"दर वेळी खेपच बाद! दिसणार कसं, कपाळ?"

खेप बाद झाली, की टेकडीचा निकालही बाद. आपण साप सोडून भुई धोपटत होतो. घाव आपल्यावर नव्हताच.

"काका, उद्या टेकडीच्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकाल? कोणालाही न सांगता?"

"पोरी, बरी आहेस ना?"

पण त्यांनी टाकलं. संध्याकाळी नवीने ताईंना जिन्यात गाठलं आणि आपली किल्ली पुढे केली. "आजच्या दिवस तुमच्याकडे ठेवा." ताईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि किल्ली पिशवीत टाकली.

सकाळी कपाट ताईंनी उघडलं. बशा लावण्याआधी नवीने पाण्यातून वीज किती जाते ते मोजणाऱ्या मीटरची कांडी कोऱ्या बाटलीत बुडवली. साहेब दारात येऊन उभे राहिले होते.

काटा उसळला.

"मीटर बिघडलाय का?" ताई म्हणाल्या.

"नाही. कोऱ्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. साध्या पाण्याने काटा थोडाच हलतो, एवढा उसळतो तो मिठानेच. मीठ फक्त टेकडीच्या बाटलीत होतं. काकांना मीच टाकायला सांगितलं."

"मग तूच ओतलं असशील," साहेब शांतपणे म्हणाले.

"तिची किल्ली रात्रभर माझ्याकडे होती," ताई म्हणाल्या. मग नवीकडे वळल्या. "मला अडकवायला दिलीस ना?"

"हो, ताई. आधी मला तुमचाच संशय होता." नवीने ट्रे पुढे ओढला. "पण ट्रे बघा. एकाच बाटलीची फॉइल चुरगळलीय, बाकीच्या जशाच्या तशा. ताईंना टेकडीची बाटली हवी असती तर सगळ्या उघडून, हुंगून शोधावी लागली असती. ज्याने थेट तिलाच हात घातला, त्याला नंबर माहीत होता. काका बाटल्या ठेवून निघून जातात. नंबर तुम्ही लावता, साहेब."

साहेबांनी चुरगळलेली फॉइल उचलली.

"वर्षभर त्या टाकीला शुद्ध म्हणून सही केलीय मी," साहेब म्हणाले. "बाटली न उघडता. मग खरं बघणारी पोरं येऊ लागली. झाकण बसेपर्यंत वेळ हवा होता."

"पण नळाचं पाणी ओतलं असतंत तर मला काही कळलं नसतं."

"नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. नसतं उगवलं तर?" हे ते इतक्या सहज म्हणाले, जणू वर्गात शंका सोडवत होते. "खात्रीचं टेकडीचंच होतं."

"खात्रीचं," ताई म्हणाल्या. "आणि तेच पाणी तिकडची पोरं पितात."

साहेब खुर्ची शोधत खाली बसले. ताईंनी पाणीपुरवठ्याला फोन लावला. "टेकडीची टाकी बंद करा. आत्ता. लेखी मागून येईल." मग खिडकीतून ओरडल्या, "गाडी काढा हो!"

नवी अजून मीटरची कांडी घट्ट धरून उभी होती. तिला ती सोडवत नव्हती.

"ठेव ती," ताई म्हणाल्या. "टेकडीचं पाणी परत आणायला मी जाते. तोवर आईला फोन कर. आजवर 'सगळं ठीक' म्हणाली असशील, या वेळी खरं सांग."