चार सेकंदांची साय

ही गोष्ट रचलेली नाही.

रचायची असती तर मी ती रात्रीची केली असती. वीज गेलीय, लांब कुठेतरी कुत्रं रडतंय, असं सगळं छान जमवून आणलं असतं.

पण हे घडलं एका रविवारी, दुपारी चार वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या झटकत होतं.

आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा. खाली त्यांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. त्या घरात मी लहानपणी हक्काने जेवलोय. आता पाणी प्यायलाही थांबावंसं वाटत नाही.

मामांचा धंदा जुन्या टेपांचा. लोक कपाटाच्या तळातून कॅसेटी शोधून आणायचे. कोणाच्या वडिलांचं भाषण, कोणाच्या बहिणीचं गाणं. मामा तो आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. तिखट कानाचा माणूस. जिन्यावर कोण चढतंय ते चपलेवरून ओळखायचे.

गिऱ्हाईक आलं की त्याला आधी दुधाचं व्याख्यान ऐकावं लागे. त्यातून कोणाची सुटका नव्हती.

"हे बघा, टेप म्हणजे ताजं दूध. सलग धार. गाय काय खाते त्यावर चव बदलणार, वर साय येणार, आणि एक दिवस नासणारही. कॉम्प्युटर म्हणजे दुधाची पावडर. तो एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार तुकडे करतो, प्रत्येक तुकडा मोजून डब्यात भरतो. ऐकायच्या वेळी पाणी घालायचं की झालं पुन्हा दूध. नासायची भीती नाही. चव रोज तीच."

"मग पावडरच बरी की!" गिऱ्हाईक म्हणे.

मामा तोंड वाकडं करत. मग विचारत, "साय ठेवू का काढू?"

साय म्हणजे टेपच्या मागे जी बारीक सळसळ असते ना, ती. सगळे म्हणायचे, काढा. मामा काढायचे. काम सोपं असतं. टेपमध्ये जिथे कोणीच बोलत नाही अशी दोन-चार सेकंदांची जागा शोधायची. ती कॉम्प्युटरला दाखवून सांगायचं, ही नुसती सळसळ आहे, ओळखून ठेव. मग तो सगळ्या टेपमधून तेवढंच वेचून बाजूला काढतो.

तीस वर्षं हेच काम. डोळे मिटून करायचे.

एक टेप मात्र त्यांनी कधीच उतरवली नव्हती.

मामीची.

मामी जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा आवाज या जगात फक्त त्या एका कॅसेटवर होता. बारा मिनिटं. नवा माईक तपासायला मामांनी तो स्वयंपाकघरात ठेवला होता, एवढंच निमित्त.

टेपची सुरुवात अशी. मामी विचारते, "अहो, ऐकू येतंय का?"

बाहेरच्या खोलीतून मामा ओरडतात, "हो, येतंय!"

मग ती दूध तापवत शेजारणीच्या तक्रारी सांगते. मध्येच म्हणते, "एक मिनिट हं..."

आणि चार सेकंद काहीच नाही.

मग, "हां, बोला."

दर रविवारी चार वाजता मामा कपभर दूध घेऊन ती टेप ऐकायचे. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाही. ते मला म्हणाले होते, "गंमत माहितेय का? ते चार सेकंद दर वेळी वेगळे वाटतात. कधी वाटतं ती खिडकीशी गेलीय. कधी वाटतं अगदी माइकपाशी उभी आहे."

मी हसलो होतो. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं?

मामांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दवाखान्यात लोकांचे कान तपासते. ती बापाच्या मागे लागली होती.

"बाबा, प्रत्येक वेळी वाजवली की टेप थोडी झिजते. हे तुम्हीच सांगता ना? आणखी पाच वर्षांनी आई पुसट होईल. उतरवून ठेवा."

"पावडर करू म्हणतेस तुझ्या आईची?"

"फरक कळतच नाही हो. तुम्हाला नुसतं वाटतं."

"मला कळतो."

"लावा पैज."

ताईने स्वयंपाकघरात तीन कप मांडले. एकात ताजं दूध, दोनांत डब्यातलं. मामांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. हरले तर आईची टेप उतरवायची, असं ठरलं.

मामांनी तिन्ही कप चाखले, मिशा पुसल्या आणि मधला उचलला. "हे ताजं. शंभर टक्के. अगं, गवताचा वास येतोय!"

ताई पोट धरून हसली. "बाबा, ते डब्यातलं आहे. गवत डब्यावरच्या चित्रात आहे."

मामाही हसले. पण त्यांचा चेहरा पडला होता, असं ताई नंतर म्हणाली. तिला ते हसणं अजून छळतं.

पुढच्या रविवारी मामा खाली दुकानात एकटेच बसले. चार वाजले होते. टेप लावली, बारा मिनिटं कॉम्प्युटरवर उतरवली. सायीसकट. काढायची नाही, असं मनाशी पक्कं होतं.

पण तीस वर्षांचं हाताचं वळण...

टेप संपली आणि हाताने हाताचं काम केलं. कोणी बोलत नाही अशी जागा शोधली. बारा मिनिटांत तशी जागा एकच होती.

ते चार सेकंद.

त्यांनी ती कॉम्प्युटरला दाखवली. ही नुसती सळसळ आहे. आणि बटण दाबलं.

दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. ठीक आहे, त्यांनी विचार केला, परत फिरवता येतं.

तेवढ्यात त्यांना जाणवलं...

घरात काहीतरी थांबलं होतं.

आधी वाटलं, वीज गेली. पण पंखा फिरत होता. ते जिना चढून वर गेले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. फ्रिजला हात लावला. तो त्याच्या जाड आवाजात घुरघुरत होता.

मग काय थांबलं?

एक बारीक आवाज. स्वयंपाकघरात कायम असायचा. कोणी जवळ उभं राहून हळू श्वास घ्यावा, इतका बारीक. अकरा वर्षं मामा तो फ्रिजचा समजत होते.

फ्रिज चालू होता.

तो आवाज नव्हता.

मामा धावत खाली आले. कॉम्प्युटरवर केलेलं परत फिरवलं. सळसळ परत आली. वर जाऊन कान दिला... स्वयंपाकघर तसंच मुकं.

मग त्यांनी मूळ कॅसेट पुन्हा लावली.

"अहो, ऐकू येतंय का?" "हो, येतंय!" सगळं जागच्या जागी. शेजारीण. दूध.

"एक मिनिट हं..."

एक. दोन. तीन. चार.

पाच.

सहा.

"हां, बोला" आलंच नाही.

मामांनी आवाज पूर्ण मोठा केला. काहीच नाही. बरं, नुसतं बोलणं गेलं म्हणावं, तर सळसळही नाही. हे टेपच्या बाबतीत होत नाही हो. कोरी टेप लावली तरी ती सळसळते. मामांनी दुसरी कॅसेट लावून पाहिली. ती नीट सळसळली. मामीची लावली... शेवटपर्यंत शुकशुकाट. मग खटकन बटण वर आलं.

ती एक मिनिट हं म्हणून गेली होती, आणि परत आली नव्हती.

आता एकच जागा उरली होती. बाजूला काढलेली साय वेगळी ऐकायची सोय असते. चुकून काही चांगलं तर गेलं नाही ना, हे बघायला. मामांनी ती पुन्हा काढून वेगळी साठवली. हेडफोन लावले.

सळसळ...

नुसती सळसळ...

आणि त्या सळसळीच्या आतून, अगदी कानापाशी, थकलेल्या आवाजात...

"अहो... ऐकू येतंय का?"

टेपच्या सुरुवातीचं ते वाक्य नव्हतं. ते तर ठणठणीत होतं, तरण्या बाईचं. हा आवाज शेवटच्या आजारपणातला होता. तेव्हा घरात टेप नव्हती, माईक नव्हता, कोणी काही भरून ठेवलं नव्हतं.

मामांच्या तोंडून आपसूक निघालं, "हो, येतंय."

चार सेकंद गेले.

"अहो... ऐकू येतंय का?"

बारा मिनिटं ती तेवढंच विचारत राहिली.

ताईला बोलावलं. तिने हेडफोन लावले, मिनिटभर ऐकलं, काढून ठेवले. बेसिनपाशी जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होती.

"मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुसून टाका ते."

"तिला?"

ताई रडत घरी गेली.

मामा रोज चारला बसायला लागले. रोज उत्तर द्यायचे. कधी मोठ्याने, कधी विनवून. फाईल हलली नाही. तेच शब्द, तोच दम, तेवढेच चार सेकंद. चाळीस दिवस त्यांनी वहीत लिहून पाहिलं. केसाचाही फरक नाही.

"टेपवर ती रोज वेगळी असायची रे," मला म्हणाले. "आणि झिजत झिजत एक दिवस सुटली असती. जे नासतं ते जिवंत असतं. मी तिला डब्यात भरली. आता नासायची सोय नाही. मी मेल्यावरही ती विचारत राहील."

मी म्हटलं, "मामा, मग पुसून टाका ना खरंच."

"आणि पुसताना ती विचारत असली तर?"

 

नंतरच्या दोन वर्षांत मामांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. ताईनेच तपासले. मशीन लावूनही उपयोग नाही, म्हणाली. पाटीवर लिहून बोलावं लागायचं. दुकान बंद झालं.

चारची बैठक चालूच राहिली.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा मामा हेडफोन लावून बसले होते. खुर्चीत ताठ, डोळे घड्याळाच्या काट्यावर. काट्यावर मोजून ते बरोबर वेळेला म्हणत होते, "हो, येतंय."

दर चार सेकंदांनी. हसऱ्या चेहऱ्याने.

मी पाटीवर लिहिलं, "मामा, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही ना?"

त्यांनी मान हलवली. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, जणू कोणी ऐकेल.

"नाही रे. पण तिला कसं सांगू?"

का कोण जाणे, मी दुसरे हेडफोन त्याच कॉम्प्युटरला जोडले आणि कानाला लावले.

सळसळ...

"अहो... ऐकू येतंय का?"

माझ्या मामीचा आवाज.

मामांनी काट्याकडे पाहिलं. "हो, येतंय."

एक. दोन. तीन. चार.

पुन्हा तोच प्रश्न यायला हवा होता. दोन वर्षं तोच आला होता. फाईल बदलत नाही, हे मला मामांनीच शिकवलंय.

"खोटं बोलताय तुम्ही."



मामांनी माझा चेहरा पाहिला. खुर्चीतून अर्धे उठले. डोळ्यांत इतकी आशा मी कोणाच्या पाहिली नाही.

"काय रे? काय म्हणाली? काही वेगळं म्हणाली का?"

पाटी माझ्या हातात होती. खडूही होता.

मी लिहिलं, "नाही. तेच."

मामा हळूच खाली बसले. काट्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "हो, येतंय."

मी हेडफोन ओरबाडून काढले. तोपर्यंत चार सेकंद झाले नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे.

ती मला काय म्हणणार होती, ते माहीत नाही.