राजाचा निळा टिळा

उद्या सकाळी टिपरीला मांजरसुंब्याच्या फाट्यावर सोडायचं ठरलं होतं!

टिपरी ही मनिषाची कुत्री. उसाच्या फडात जन्मली, पाचटात वाढली, मनिषाच्या पायात पाय घालून चालायला शिकली. मनिषाचं कुटुंब ऊसतोडीहून गावी येऊन चार दिवस झाले नाहीत, तोच गावातल्या वजनदार सुंदररावांनी पारावर बजावलं, की महिन्यापूर्वी गावात कुत्र्यांना रेबीजची लस टोचली तेव्हा प्रत्येक कुत्र्याच्या कपाळी निळा टिळा लावला होता. टिळा नाही ते कुत्रं गावात नको. मनिषानं टिपरीला लस टोचल्याचा, साखर कारखान्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांचा कागद पुढं केला. पौषातली तारीख होती, शिक्का होता. सुंदररावांनी तो हातातही धरला नाही.

दुपारी मनिषा आणि तिचे सवंगडी सुरेखा, युवराज हौदाजवळ हिरमुसून बसले होते. सुंदररावांचा कुत्रा राजा रोजच्यासारखा हौदात डुंबून आला आणि अंग झाडत उभा राहिला.

मनिषा त्याच्याकडे बघतच राहिली. गल्लीतल्या कुत्र्यांचे टिळे धुळीनं फिकट पडले होते. राजाचा मात्र कालच लावल्यासारखा चकाकत होता.

"पान्यात बसून बी जात न्हाई, कावून?" ती पुटपुटली.

युवराजनं गोठ्याकडे बोट केलं. सुंदररावांच्या बैलांची शिंगं तशीच निळी होती, तशीच चकाकत होती.

तिघं धावत जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर वनमालाताईंनी लस टोचलेल्या कुत्र्यांची वही उघडली. राजाचं नाव कुठंच नव्हतं. त्या पोरांबरोबर थेट सुंदररावांच्या अंगणात आल्या. राजाच्या कपाळावर ओला अंगठा घासला, तरी बैलांच्या शिंगांना लावायचा तो तेलरंग हलला नाही.

"रांगेत कोण हुबं राहतंय?" सुंदरराव ओशाळून म्हणाले. "अन् त्याला लहानपणी टोचलंय की. एकदा टोचलं म्हंजी जन्माचं झालं."

"जन्माचं नाही, सुंदरराव. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग आम्ही सांगू तेव्हा दुसरी, आणि पुढं दरसाल. तुमचा नातू याच्या गळ्यात हात टाकून झोपतो ना?"

सुंदररावांनी ओसरीकडे पाहिलं. तिथं छोटा अभिमन्यू राजाचा कान ओढत हसत होता.

मग वनमालाताईंनी मनिषाचा कागद वाचला. टिपरीची लस येत्या पौषापर्यंत चालणार होती. टिपरी गावातच राहणार होती.

राजाला सुई टोचताना सुंदररावांनीच तोंड फिरवलं, तेव्हा मनिषानं राजाचं डोकं छातीशी धरलं.

"डॉक्टरीणबाई," सुंदरराव हळूच म्हणाले, "पुढची तारीख या पोरीला सांगून ठेवा. हिला समजतंय. मला लई उशिरा समजलं."