जाहिरातीतली खोली

त्याचा स्टुडिओ म्हणजे राहत्या घराच्या जिन्याखालची एक खोली. एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे. ओळखपत्राच्या फोटोतही तो माणसाला चांगलं उजळ करून द्यायचा, म्हणून ओळखीचे लोक त्याला रंगारी म्हणत. गिऱ्हाईक खूश, रंगारी खूश. पुढे ओळखपत्र तपासणाऱ्याने डोकं खाजवत बसावं.

मेव्हणीचा फोटो मात्र त्याने तिच्या खोलीवर जाऊन काढला. बायकोची ही धाकटी बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडून आली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. पत्ता फक्त रंगारी आणि त्याची बायको या दोघांना ठाऊक. नवरा तिच्या शोधासाठी जंग जंग पछाडत होता. नव्या नोकरीसाठी तिला फोटो हवा होता. रंगाऱ्याने भिंतीवर चादर टाचली आणि मोबाइलवरच फोटो काढला.

“भावोजी, हा कुठे जायला नको हं.”

“अगं, घरचा फोटो. जातोय कुठे?”

तिच्या गालावर जुना व्रण होता. तो पाहून रंगाऱ्याचे हात शिवशिवायला लागले. स्टुडिओतला कॉम्प्युटर बिघडलेला, म्हणून त्याने तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवर एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने काहीबाही विचारलं. सगळे फोटो पाहू का, तुम्ही कुठे आहात ते पाहू का. त्याने न वाचता हो, हो करत नेलं. एक जाहिरात बघितली आणि व्रण गेला.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा फोड पुसताना अ‍ॅपने जाहिरात दाखवली. आधी आणि नंतर, असे दोन चेहरे. दोन्ही धाकटीचे.

पहिल्यांदा त्याने केलं काय, तर बायको आत आली नाही ना, हे मागे वळून पाहिलं. त्या नजरेची त्याला स्वतःलाच लाज वाटली. मग त्याने अ‍ॅपच्या अटी उघडल्या. तुमचे फोटो आम्ही जाहिरातीसाठी वापरू शकतो, असं त्यात सरळ लिहिलं होतं. म्हणजे चोरी नव्हतीच. त्यानेच आपल्या हाताने दिलं होतं. त्याने अ‍ॅप काढून टाकलं, आणि जाहिरात थांबली का ते बघायला दुसऱ्या दिवशी परत घेतलं.

थांबली नव्हती. उलट फोटो रुंद झाला होता. चादरीच्या पलीकडची भिंत दिसत होती, खिडकी दिसत होती, खिडकीला हिरवे पडदे होते. यातलं काहीच त्याने टिपलं नव्हतं. हल्ली कॉम्प्युटर मनानेच चित्रं रचतो, असं त्याने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी बायको फोन ठेवत म्हणाली, “धाकटीने आज हिरवे पडदे लावलेत. रमली हो पोर.”

“हं,” तो म्हणाला.

सांगायची वेळ तीच होती, पण त्याची जीभ रेटेना. बायकोने अख्ख्या माहेराचा रोष पत्करून बहिणीला लपवलं होतं, आणि याने एका व्रणापायी तिला चव्हाट्यावर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रात पलंगही आला. पलंगावर एक माणूस बसला होता, हात मांडीवर ठेवून. धाकटीचा नवरा. तो थेट रंगाऱ्याकडे बघत होता.

रंगाऱ्याने धावत वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पडद्यांच्या आधीपासून.”

तिने त्याच्याकडे न बघता बहिणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“ताई, मी एकटीच आहे गं. दाराला कडी आहे. काय झालं?”

“पलंगावर कोण आहे?”

“कोणी नाही. समोरच तर आहे पलंग. चादर तेवढी चुरगळलीये. आत्ताच नीट केली होती मी.”

“बाहेर पड. आत्ताच्या आत्ता.”

“बरं बाई. चप्पल घालते.”

रंगाऱ्याच्या हातातली जाहिरात हलायला लागली. ‘नको असलेली माणसं एका बोटात गायब करा.’ चित्रात धाकटी फोन कानाला लावून वाकली होती, एक पाय चपलेत. एक पांढरी रेघ उमटली आणि पलंगाकडे सरकली.

पूस त्याला, रंगारी मनात म्हणाला.

रेघ वळली. धाकटीभोवती फिरली.

“ताई, थांब हं, ही चप्पल...”

आवाज तुटला. फोन चालूच होता.

चित्रात पडदे होते, पलंग होता, माणूस होता.

पलीकडे पलंग करकरला.

“अहो, कोण आहे तिथे?” बायकोने विचारलं.

तिला दिसू नये म्हणून रंगाऱ्याने मोबाइल पालथा घातला.