तीन निळे गोळे

दुपारच्या जेवणाची ताटं उचलली गेली होती. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हात धुतले, गाऊन चढवला, मास्क बांधला आणि वैतागतच अकरा नंबरच्या खोलीचं दार ढकललं. इथला पेशंट, एक शिंपी, आठवडाभर त्यांचा अंत पाहत होता. सुतारकाम करणाऱ्या थोरल्या भावाचा बोन मॅरो त्याला चढवून दोन महिने झाले होते. रक्त सावरलं, पण आता फुप्फुसं आखडू लागली होती. नळीतून श्वास आत ओढून यंत्रातले तीन निळे गोळे वर न्यायचे, तासाला दहा वेळा, एवढंच काम. पण बाईंसमोर पहिला गोळाही जागचा हलत नसे. प्रकृती आणखी घसरली तर व्हेंटिलेटर लावावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तरी तक्त्यावर तासातासाला तिन्ही गोळ्यांची खूण! नर्स तर शपथेवर सांगायची, काचेतून गोळे वर गेलेले दिसले म्हणून.

"हे कोणी केलं?"

"दादानं," शिंपी डोळे मिटूनच पुटपुटला. "रोज येतो. म्हणतो, तू पड... मी ओढतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा अपघातात जाऊन बारा दिवस झाले होते. 'यांना कळू देऊ नका, खचतील,' असं शिंप्याच्या बायकोनं हात जोडून सांगितलं होतं. सगळा वॉर्ड तिच्यासाठी नाटक करतोय आणि हा गृहस्थ दादाच्या नावाआड आपला आळस लपवतोय, असं बाईंना वाटलं.

"उठून बसा. पाठ इकडे करा."

डावीकडे खाली स्टेथोस्कोप टेकवला. तिथं आठवडाभर काहीच ऐकू येत नव्हतं. आज आलं. लांब, भरदार, सावकाश श्वास.

"जरा श्वास रोखा..."

शिंप्यानं रोखला. पाठ हलायची थांबली. कानातला श्वास मात्र चालूच राहिला.

बाईंनी मान वळवली. यंत्र टेबलावर होतं, नळी कुणाच्याच तोंडात नव्हती, आणि तिन्ही गोळे वर चढून थरथरत होते. फिल्टरमधून गाळलेल्या हवेच्या त्या खोलीत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता.

भीतीच्या आधी चीडच तोंडातून बाहेर पडली.

"पुरे झालं! तुमचा दादा गेला! बारा दिवस झाले त्याला जाऊन!"

कानातला श्वास मध्येच थबकला, कुणी नीट ऐकायला थांबावं तसा. मग एकेक गोळा खाली आला. टक... टक... टक.

शिंप्यानं वळून पाहिलं. त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

"मला ठाऊक होतं हो, बाई," तो धापा टाकत म्हणाला. "बायकोच्या तोंडावरूनच कळलं होतं... दादाला ठाऊक नव्हतं."

बाईंनी घंटा दाबली, ऑक्सिजन वाढवला, नर्सला हाका मारल्या. बाहेरून व्हेंटिलेटरची गाडी ढकलत आणल्याची खडखड जवळ येऊ लागली. स्टेथोस्कोप अजून बाईंच्या कानातच होता. त्याचं दुसरं टोक हवेत लोंबत होतं, आणि त्यातून कुणीतरी आवाज दाबून रडत होतं.