मावशीचं वळण

तो आमच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता आणि मला नेमकं तेच उघडायचं होतं.

"जरा बाजूला होता का?" मी म्हटलं. "ही गाडी शोभेसाठी ठेवलेली नाही."

"सॉरी," तो दचकला. "आमची मात्र आता शोभेपुरतीच उरलीय... गिअरबॉक्स गेला सकाळी."

काखेत हेल्मेट, चष्म्यावर पावसाचे थेंब. ते पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

एरवी मी हळहळले असते, पण माझ्याच गळ्याशी आलं होतं. रॅलीचा शेवटचा दिवस, आणि शेजारी बसून मला वळणं वाचून दाखवणारा माझा दादा व्हॅनमध्ये तापाने फणफणत पडलेला. वाचणारा नसेल तर गाडी सोडत नाहीत. त्यात बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं. आजवर आमची ही म्हातारी गाडी दरवेळी टोचन लावूनच परत आली होती. "या खेपेला स्वतःच्या चाकांवर शेवटची रेघ ओलांडली तर ठीक," ते म्हणाले होते, "नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकतो." बाबा गॅरेजवाले. पोकळ धमक्या द्यायची त्यांना सवय नाही.

"तुम्ही ड्रायव्हर?" मी विचारलं.

"छे, मी वाचतो. एरवी शाळेत भूगोल शिकवतो."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हातातल्या पान्यानेच त्याला गाडीचं दार दाखवलं. "चला मास्तर, बसा."

आयोजकांनी कुरकुरत का होईना, नाव बदलून दिलं आणि आम्ही सुटलो. त्याचा आवाज हेल्मेटमधून थेट माझ्या कानात येत होता. दादा वळणं वाचतो ती भांडल्यासारखी. दादाची वही मांडीवर घेऊन हा वाचत होता... जणू समोरचा वर्ग झोपलाय आणि कुणाला उठवायचं नाही.

"डावीकडे, सोपं," तो म्हणाला.

मी वेग तसाच ठेवला. वळण सुरुवातीला खरंच सोपं होतं. मग ते आवळत गेलं, आवळतच गेलं, आणि म्हातारी घसरत जाऊन कडेच्या दगडांच्या ढिगावर नाक आपटून थांबली.

"दादाने तिथे आणखी काही लिहिलंय का?"

"...मावशी," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी घरगुती असेल. म्हणून सोडून दिलं."

आमची मावशी आधी 'ये गं, बैस' म्हणून गोड बोलते आणि मग असं काही कात्रीत पकडते की सुटका नाही. आत जाऊन आवळणाऱ्या वळणाला दादाने तिचंच नाव दिलं होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक. मास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कशीबशी गाडी बाबांपर्यंत आणली. रेडिएटरला भेग गेली होती. बाबांनी ती पुट्टीने बुजवली.

"टिकेल ना, बाबा?"

"पुट्टी आहे, वेल्डिंग नाही. तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला की हीटर पूर्ण सोड. इंजिनाचा ताप तुम्ही दोघांनी अंगावर घ्या."

तो मान खाली घालून बसला होता. "माझ्यामुळे..."

"गप्प बसा. मावशीने भल्याभल्यांना आडवं केलंय."

तो हसला. चष्म्याआडचे डोळे आधी हसले, मग तो. आणि माझ्या काळजीशेजारी दुसरीच एक काळजी येऊन बसली – हा संध्याकाळी जाणार.

शेवटचा टप्पा सुरू होतो त्या रेघेवर उभे राहिलो तर हेल्मेटमध्ये आवाजच येईना. त्या धक्क्यात कुठलीतरी वायर निसटली असणार. ती शोधायला वेळ नव्हता. झेंडेवाला समोर आला होता.

त्याने हेल्मेटची काच जराशी वर केली आणि ओरडला, "खांद्यावर टकटक म्हणजे डावीकडे. कोपरावर म्हणजे उजवीकडे. सपाट तळवा – थांब."

"आणि मावशी आली तर?"

त्याने क्षणभर विचार केला आणि माझ्या बाहीला हळूच चिमटा काढला. झेंडा पडला तेव्हा मी हसत होते.

मग काटा चढू लागला. हीटर सोडला. बाहेर गार पाऊस आणि आत नुसती भट्टी. खांद्यावर टकटक. कोपरावर टकटक. पुन्हा खांदा. मग चिमटा. मी आधीच वेग तोडला. वळण आवळत गेलं, पण म्हातारीने रस्ता सोडला नाही.

काटा लाल रेघेला टेकला, आणि तेवढ्यात खांद्यावर सपाट तळवा. माझ्या बाजूने मला काही दिसलं नव्हतं, तरी मी ब्रेक दाबला. वळणाआड एक गाडी रस्त्यात आडवी पडली होती. आम्ही तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. इंजिन बंद पडलं.

चावी फिरवली. नुसती खरखर. पुन्हा फिरवली. भंगारवाल्याचा टेम्पो माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता, आणि तो तिथेच राहावा असं मला वाटत होतं... अशा वेळीसुद्धा. पुन्हा फिरवली. म्हातारी खोकली आणि सुरू झाली.

कडेने गाडी काढून रेघ ओलांडली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, भाजला म्हणून काढला आणि पुन्हा ठेवला. "भंगारवाल्याला सांगतो, येऊ नकोस म्हणून," एवढंच बोलले. मग उगाच पाणी आणायला गेले.

पलीकडे त्याच्या टीमचा ट्रक मोडकी गाडी पाठीवर घेऊन उभा होता. हॉर्न वाजला.

"मग... निघतो," तो म्हणाला.

"हं."

तो चालू लागला. मी मागून धावले आणि त्याच्या खांद्यावर सपाट तळवा ठेवला.

तो जागच्या जागी थांबला. मग हळूच वळला.

"मला तू आवडतोस," मी म्हणून टाकलं. मधलं 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते कळलंच नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. त्याने तिकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, दिवसभरात पहिल्यांदा पुसला, पुन्हा लावला.

"काहीतरी बोल," मी म्हटलं. "पुढे काय आहे ते सांगायचं काम तुझं."

त्याने फक्त हात पुढे केला आणि माझ्या बाहीला हळूच चिमटा काढला.