आठवं नाव

आमच्या गावच्या युद्धस्मारकावर तेवीस नावं आहेत आणि त्यातलं आठवं चुकीचं आहे. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एल्वा कोश्वा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे आजोबा, पहिल्या महायुद्धात गेल्याचं पत्र आलं होतं. १९२० साली स्मारक उभं राहिलं, त्यावर त्यांचं नाव कोरलं गेलं आणि त्याच वर्षी, बीट काढायच्या दिवसांत, ते कुठल्याशा लांबच्या इस्पितळातून चालत घरी आले. नाव काढून टाकायला त्यांनी साफ नकार दिला. एकदा मेलेल्याला पुन्हा कोण मारायला येणार, असं त्यांचं म्हणणं.

दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता महापौर एकेक नाव वाचतात आणि सगळे एका सुरात म्हणतात, "फ्रान्ससाठी कामी आला." आठव्या नावानंतर मात्र आजोबा मागून ओरडायचे, "हजर." लोक हसायचे, डोळे पुसायचे, मग नववं नाव. ते १९७१ मध्ये अंथरुणात वारले. तेव्हापासून हे काम त्यांच्या नातवाकडे आलं, कारण त्याचंही नाव एल्वाच. माझा नवरा तो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला फार लाज वाटली होती. नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर नंतर अभिमानच वाटायचा.

मी एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं. कुणाला कसली गोळी चालू आहे, कुठल्या गोळीने भास होतात, ते मला पाठ आहे, त्यामुळे भास हा शब्द मी उगाच वापरत नाही.

गेल्या नोव्हेंबरात सकाळी धुकं होतं. शाळेसमोरच्या टेबलावर जिनेत कोटाला लावायची निळी कागदी फुलं विकत होती. जिनेत आमची शेजारीण, सकाळ-संध्याकाळ येणं-जाणं. तिने माझ्या कोटाला एक फूल लावलं आणि डबा बंद केला. एल्वाने हात पुढे केलेला होता. म्हातारी झालीय, दिसत नाही तिला, असं म्हणत त्याने स्वतःच एक उचललं.

स्मारकापाशी शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या. बिगुल वाजला. बाईंनी, म्हणजे आमच्या महापौर मादाम ब्रियो यांनी, चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. सातवं नाव झालं. एल्वाने घसा साफ केला. मी हसायच्या तयारीत होते.

"एल्वा कोश्वा."

"फ्रान्ससाठी कामी आला."

"हजर," एल्वा म्हणाला. चांगला खणखणीत म्हणाला.

कुणी हसलं नाही. कुणी वळून पाहिलं नाही. बाईंनी नववं नाव वाचलं. एल्वाने पुन्हा, जरा मोठ्याने, "हजर" म्हटलं. पुढे उभ्या असलेल्या त्याच्या मित्राने, मार्सेलने, फक्त मफलर घट्ट केला, मानेला वारं लागावं तसा. तेवीस नावं संपली, एक मिनिट शांतता झाली. त्या मिनिटात मला नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, आणि इतकं बरं वाटत होतं की रडूच आलं.

"ठरवून करतायत सगळे," एल्वा कानाशी म्हणाला. "जेवताना बघतो एकेकाकडे."

मलाही ते पटलं. आमच्या गावाला मस्करीचं वेड आहे.

सभागृहात दरवर्षीसारखा गोंधळ होता. कणकेच्या पारीत भाजलेलं, कांद्याच्या पातीसारख्या जाड लीकचं गरम सारण, सुक्या आलुबुखाऱ्यातला ससा, सफरचंदाची दारू, कोपऱ्यात अकॉर्डियन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर जिनेतने कोटांचा ढीग टाकला. मी तो उचलला. तिने बोलत बोलत परत ठेवला. एल्वा उभाच होता. त्याने मार्सेलची टोपी उडवली. मार्सेलने ती जमिनीवरून उचलली आणि म्हणाला, दार लावा रे कुणीतरी. एल्वा हसला. मग त्याने मार्सेलचा खांदा धरून हलवला. मार्सेल त्याच्या पलीकडे बघून अकॉर्डियनवाल्याला पोल्का नाचाची धून वाजवायला सांगत होता.

एल्वाचं हसू मावळलं. "ओदिल," तो म्हणाला, "तू सांग यांना."

मी सांगितलं. भर जेवणात उभी राहून म्हटलं, मस्करी पुरे झाली, एल्वा इथे माझ्या बाजूला उभा आहे, त्याला बसायला जागा द्या.

अकॉर्डियन थांबलं. सगळे माझ्याकडे फार मायेने बघायला लागले. जिनेतने माझा हात हातात घेतला. "आजची तारीखच तशी आहे गं," ती म्हणाली. "जेव दोन घास. आम्ही आहोत ना."

मी ओरडले, शिव्या दिल्या, तिच्या नवऱ्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही सगळ्यांसमोर काढलं. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर मी काहीतरी करू शकले असते. त्यांनी मला पाणी दिलं. थोड्या वेळाने पुन्हा हळूच संगीत सुरू झालं आणि दोन जोडपी नाचायला उठली.

एल्वा माझं बोट धरून घरी आला.

आता फेब्रुवारी आहे. मी डॉक्टरांकडे गेले, नगरपालिकेत गेले, पाद्रीबाबांकडे गेले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. हिवाळाभर आम्ही दोघंच घरात आहोत.

तो दिवसातून कितीतरी वेळा विचारतो, "दिसतोय ना मी?"

मी हो म्हणते.

ख्रिसमसपर्यंत ते खरं होतं. नंतर कधी कधी खरं होतं.

मी त्याला सांगितलेलं नाही. मी एकटीच उरलेय त्याला. मी जर नाही म्हटलं, तर पुढे काय, हे मला माहीत नाही.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. त्याने विचारलं, "ओदिल, दिसतोय ना मी?"

मी समोरच्या खुर्चीकडे बघून हसले. म्हटलं, "दिसतोस की. दाढी केवढी वाढलीय तुझी."

मी पुढचा बटाटा सोलायला घेतला.

मग माझ्या पाठीमागून, खिडकीपासून, हळू आवाज आला. "सकाळीच केली मी."